एकोणतीस की वीस नऊ?

जून २०१९मध्ये बालभारतीचं दुसरीच्या गणिताचं पुस्तक थेट विधानसभेत गाजलं. 'सत्तावीस'च्या जोडीला त्यात 'वीस सात' असंही वाचन दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की, संख्या लिहितो त्याच क्रमाने वाचली तर मुलांचा गोंधळ कमी होतो, शिवाय जोडाक्षरं लहान मुलांना जड जातात. विरोधकांना भाषेची काळजी होती. भाषणं झाली, विनोद झाले, आणि वाद विझला. त्यातली एक गोष्ट मात्र अजून तपासायची राहिली आहे, असं मला वाटतं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे भांडण जुनं आहे. संख्या मेमरीत ठेवताना मोठ्या किमतीचा बाइट आधी की लहान किमतीचा? अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये लढाई होते; तिथली नावं डॅनी कोहेन यांनी १९८०मध्ये या दोन पक्षांना दिली: बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन. आपण मराठी लोक लिहितो बिग-एंडियन, बोलतो लिटल-एंडियन. आमची हिंगोली १९५६पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होती, तिथली तेलुगू 'वीस एक' म्हणते. जर्मन भाषा आपल्यासारखीच 'एक आणि वीस' म्हणते. गणित दोन्हीकडे शिकलं जातं. म्हणजे नारळीकरांचा मुद्दा खरा आहे, पण निकाली नाही.

माझी तक्रार वादाच्या मांडणीबद्दल आहे. दोन्ही नावं एकाच खुर्चीचे उमेदवार मानली गेली. प्रत्यक्षात ती दोन वेगळी कामं करतात. 'वीस नऊ'मध्ये बेरीज आहे. 'एकोणतीस' म्हणजे एकाने उणे तीस. तिथे नावातच वजाबाकी आहे. एकोणतीस रुपयांच्या चार वह्या घ्या. एक मूल ऐंशी अधिक छत्तीस करील. दुसरं म्हणेल, तीस चोक वीसाशे, त्यातून चार गेले. उत्तर दोघांचंही एकशे सोळा. कुठली वाट आवडली, हे त्या त्या मुलाने ठरवावं.

जुन्या पाठांतराचं कौतुक करणाऱ्यांनीही ही गंमत हातची घालवली. पावकी, निमकी, दिडकी, औटकी यांचा ठेका त्यांना आठवतो. रुपयाचे सोळा आणे होते तोवर पावकी-निमकीला रोजच्या हिशेबात काम होतं; १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि ते काम आटलं. ठेक्यात मजा होतीच, आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणण्यात तर जास्तच. पण औट म्हणजे साडेतीन, हे कळून पाढा म्हणणं आणि नुसता सूर धरणं यात फरक आहे. शब्द उघडून दाखवल्याशिवाय त्याचा अभिमान बाळगायला सांगणं मुलाच्या काय कामाचं?

अभ्यासाची आवडती रीत सहसा अशा उघडण्यातूनच सापडते. हिंगोलीहून औंढ्याला जाताना एसटीच्या खिडकीतून एमएच-३८च्या पाट्या वाचायचा माझा खेळ होता. शेवटचे दोन अंक घ्यायचे आणि पुढच्या दहाला किती कमी ते सांगायचं. एकोणचाळीस, एकोणसाठ, एकोणऐंशी आले की उत्तर नावातच मिळायचं. दगा द्यायचा फक्त नव्व्याण्णव. 'एकोणशंभर' का नाही, हा प्रश्न कुठल्याच परीक्षेत येणार नव्हता. म्हणूनच तो मला आपला वाटला. माझ्या शेजारी बसणाऱ्याला या खेळाचा कंटाळा यायचा. तो तिकिटांचे आकडे उलटे वाचायचा. त्याचंही बरोबरच होतं.

नारळीकरांनी लिहिलेल्या एका पुस्तकाचं नाव आहे 'गणितगप्पा'. त्या नावात जे आहे तेच २०१९च्या वादात नव्हतं: गप्पा. गप्पांमध्ये दुसऱ्याला बोलू द्यावं लागतं. दुसरीच्या वर्गात दोन्ही वाचनं असावीत, आणि फळ्यावर २९ लिहून बाईंनी एवढंच विचारावं, "तू हे कसं म्हणशील? आणि का?"