अंतःस्थिरीकरणाचा सिद्धांत आणि पशुरुग्ण

शल्यशास्त्राच्या इतिहासात एखाद्या तंत्राने अल्पावधीतच मतप्रणालीचे रूप धारण करावे, असे प्रसंग थोडे आहेत. मोडलेले हाड उघडून त्याचे तुकडे धातूच्या प्लेटने व स्क्रूंनी आतल्या आत जखडण्याचे तंत्र, म्हणजेच अंतःस्थिरीकरण, हा त्यांपैकी एक प्रसंग होय. तंत्र म्हणून ते जुनेच आहे. हॅम्बुर्गच्या हान्समान यांनी १८८६ मध्ये प्लेटच्या वापराचे वृत्त प्रसिद्ध केले होते. लंडनमध्ये लेन यांनी व अमेरिकेत शेर्मन यांनी त्याचा पाठपुरावा केला, आणि बेल्जियमच्या रोबेर डानिस यांनी १९४९ च्या आपल्या ग्रंथात दाबाखाली जखडलेले हाड कॅलसची गाठ न धरताही सांधले जाते, असे प्रतिपादन केले. परंतु या विखुरलेल्या प्रयत्नांना एका शास्त्राची बांधणी प्राप्त झाली ती १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बील येथे एकत्र आलेल्या शल्यचिकित्सकांच्या गटामुळे. ए. ओ. या आद्याक्षरांनी हा गट पुढे सर्वत्र ओळखला गेला. म्यूलर, आल्गोव्हर व विलेनेगर यांचा १९६३ चा जर्मन ग्रंथ हा त्याचा पहिला मोठा आविष्कार. तुकड्यांची मूळ रचनेप्रमाणे जुळणी, भक्कम स्थिरीकरण, रक्तपुरवठ्याचे जतन आणि अवयवाची लवकर व वेदनारहित हालचाल ही त्याची चार तत्त्वे. १९६९ मध्ये पशुवैद्यकासाठी या गटाची वेगळी शाखा निघाली आणि ही चार तत्त्वे जशीच्या तशी पशुशल्यशास्त्राच्या पाठ्यग्रंथांत उतरली.

'जशीच्या तशी' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. एका शास्त्रातील तत्त्व दुसऱ्या शास्त्रात नेताना त्याची पुन्हा परीक्षा व्हावयास हवी. प्रस्तुत बाबतीत ती झाली नाही असे नाही. पण ती फार उशिरा झाली, आणि जी झाली तीही बरीचशी निष्फळ उदाहरणांच्या द्वारे झाली.

येथे संज्ञेविषयी दोन शब्द अप्रस्तुत होणार नाहीत. मराठीत 'अंतःस्थिरीकरण' हा शब्द इंग्रजी संज्ञेवरून बेतलेला आहे. गटाच्या मूळ जर्मन नावात मात्र 'ऑस्टिओसिंथेसिस' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'अस्थिसंधान' या आपल्या शब्दाला अधिक जवळचा आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय भग्नचिकित्सेचा आहे. तेथेही कुश बांधून हाड स्थिर ठेवावयाचे ते संधानासाठी. संधान हे साध्य, स्थिरीकरण हे साधन. ज्या संज्ञेत साधनाचेच नाव आहे, तिच्या छायेत वाढलेल्या वाङ्मयाने साधनाच्या भक्कमपणालाच यशाचे माप समजावे, हा केवळ योगायोग नसावा.

या सिद्धांताचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. त्यापूर्वी पशुवैद्याजवळ काय होते? प्लास्टर, खपच्या आणि हाडाच्या पोकळीतून जाणारी स्टाइनमानची सळई. सळई वाकण्याला विरोध करते, परंतु हाडाच्या तुकड्यांचे एकमेकांवर फिरणे तिला थोपविता येत नाही. प्लास्टर तर मांडीच्या हाडाला धडपणे घालताच येत नाही, कारण वरचा सांधा त्यात बांधता येत नाही. लहान वयाच्या श्वानात मांडीचे हाड मोडून पाय दीर्घकाळ निश्चल राहिला की चतुःशीर्ष स्नायू हाडाला चिकटतो, गुडघा ताठ होतो आणि हाड सांधूनही पाय कायमचा निकामी होतो. अत्यंत लहान जातींच्या श्वानांत रेडियस व अल्ना ही हाडे मनगटाच्या किंचित वर मोडतात, आणि केवळ प्लास्टरवर सोपविलेली अशी भग्ने न सांधण्याचे प्रमाण लक्षणीय असते. या श्वानांच्या रेडियसच्या खालच्या भागातील रक्तवाहिन्यांचे जाळे मोठ्या श्वानांच्या मानाने विरळ असते, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. अशा रुग्णांत प्लेटने जे साधले ते प्लास्टरला साधले नसते. सिद्धांताचे चौथे तत्त्व, म्हणजे लवकर हालचाल, येथे अक्षरशः पाय वाचविते.

आता प्रश्न पुराव्याचा. भक्कम जखडलेले हाड कॅलसवाचून थेट सांधते, या मताला सूक्ष्मदर्शकाचा आधार मिळाला तो शेंक व विलेनेगर यांच्या १९६३ च्या निबंधाने. हा अभ्यास श्वानांच्या हाडांवर केलेला होता. हाड करवतीने कापले, प्लेटने दाबून धरले आणि कापाच्या रेषेतून नवास्थीचे स्तंभ एका तुकड्यातून दुसऱ्यात शिरताना दिसले. निरीक्षण अचूक होते आणि त्याचे सौंदर्य आजही ओसरलेले नाही. परंतु त्या श्वानाचे हाड शल्यचिकित्सकाने शांतपणे, स्वच्छ कापाने, भोवतालच्या स्नायूंना जपून तोडलेले होते. मोटारीखाली सापडलेल्या श्वानाचे हाड असे मोडत नाही. त्याचे पाच-सात तुकडे होतात, काहींचा स्नायूंशी संबंध तुटतो, कातडी फाटते, आणि हाडाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या त्याच क्षणी छिन्नविच्छिन्न होतात. प्रयोगशाळेतील श्वानावरून काढलेला निष्कर्ष रस्त्यावरील श्वानाला लागू करताना पहिल्या व तिसऱ्या तत्त्वांत विरोध निर्माण होतो, ही गोष्ट आरंभीच्या पशुवैद्यकीय वाङ्मयाने पुरेशी लक्षात घेतली नाही. प्रत्येक तुकडा त्याच्या जागी बसवावयाचा, तर त्याला हाताळावे लागते; आणि हाताळावयाचे, तर त्याला चिकटून राहिलेला शेवटचा स्नायूही सोडवावा लागतो. जुळणी पूर्ण होते, क्ष-किरण चित्र देखणे येते, आणि मृत तुकड्यांनी भरलेले हाड महिनोन् महिने प्लेटच्या जिवावर उभे राहते. धातू कितीही उत्तम असला तरी वारंवार वाकवला गेला म्हणजे तो शेवटी तुटतोच.

या सिद्धांताची सर्वांत मार्मिक टीका त्याच्याच घरात निर्माण झाली, हे विशेष. दाव्होस येथील प्रयोगशाळेचे स्टेफान पेरेन यांनी मांडलेली ताणाची कल्पना थोडक्यात अशी: दोन तुकड्यांमधील हालचाल भागिले त्यांच्यामधील अंतर, म्हणजे त्या फटीतील ऊतींवर पडणारा ताण. कणीमय ऊती सुमारे १०० टक्के ताण सहन करते, कूर्चा सुमारे १० टक्के, हाड जेमतेम २ टक्के. आता ०.२ मिलिमीटर हालचाल घ्या. फट १ मिलिमीटरची असेल तर ताण २० टक्के होतो आणि तेथे हाड तयार होणे अशक्य ठरते. फट १० मिलिमीटरची असेल तर तोच ताण २ टक्क्यांवर येतो. म्हणजे जवळजवळ, पण पूर्णपणे नव्हे, अशी जुळविलेली भग्नरेषा ही मोकळ्या सोडलेल्या रुंद फटीपेक्षा अधिक घातक. शिवाय अनेक तुकड्यांच्या भग्नात एकूण हालचाल अनेक फटींत वाटली जाते. ज्या शल्यचिकित्सकाला सर्व तुकडे निर्दोष बसविणे शक्य नाही, त्याने ते अर्धवट बसविण्यापेक्षा त्यांना हातच लावू नये, असा याचा सरळ अर्थ होतो.

प्लेटखालील हाड विरळ होते, या निरीक्षणाचेही असेच झाले. प्लेट भार उचलते म्हणून हाड ऱ्हास पावते, असे प्रथम मानले गेले. पेरेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र आरंभीच्या विरळपणाचा दोष प्लेटच्या दाबाने खंडित झालेल्या रक्तपुरवठ्याला दिला, आणि त्यातूनच १९९० च्या सुमारास हाडाला कमीत कमी स्पर्श करणारी प्लेट पुढे आली. पुढे स्क्रूचे डोकेच प्लेटमध्ये आटे पाडून घट्ट बसविण्याची योजना झाली, आणि प्लेट हाडावर दाबली जाण्याची गरजच उरली नाही. एका अर्थी ही प्लेट त्वचेच्या आत ठेवलेली बाह्य चौकटच आहे. बाह्य चौकटीचा उल्लेख आला म्हणून स्मरण करणे योग्य होईल की, पेन्सिल्व्हेनियातील पशुवैद्य ओटो स्टेडर यांनी १९३० च्या दशकात श्वानांसाठी बनविलेली अशी चौकट दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने आपल्या जखमी सैनिकांसाठी घेतली. ज्ञानाचा प्रवाह नेहमी मानवी वैद्यकाकडून पशुवैद्यकाकडेच वाहतो, या समजुतीला हा एक चांगला अपवाद आहे.

श्वानांच्या बाबतीत हे परिवर्तन १९९५ मध्ये एरन, पामर व जॉन्सन यांच्या लेखाने स्पष्टपणे मांडले. अनेक तुकड्यांच्या भग्नात तुकड्यांना न छेडता, हाडाची लांबी व दिशा तेवढी सांभाळून, प्लेटने पूल बांधावा, हा त्याचा आशय. मांडीच्या हाडाच्या अशा ३५ भग्नांचा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा (नोंदी १९८७ ते १९९७ या काळातील) दोन्ही पद्धतींची तुलना करतो आणि तुकडे जुळविण्याच्या खटाटोपावाचूनही हाडे सांधतात, हे दाखवितो. हा पुरावा मागे वळून पाहणारा आहे. कोणत्या श्वानाला कोणती पद्धत लाभली हे चिकित्सकाच्या मताने ठरले, चिठ्ठी टाकून नव्हे. तरीही त्याचा रोख चुकविता येत नाही. यास 'जैविक संधान' असे नवे नाव मिळाले आणि जणू नवा पंथ निघाल्याचा भास झाला. वस्तुतः १९६३ च्या ग्रंथातील तिसरे तत्त्व हेच सांगत होते. तत्त्व होते, त्याला पहिल्या दोहोंच्या मानाने गौण स्थान मिळाले होते इतकेच.

चौथ्या तत्त्वाची परीक्षा याहून कठोर आहे. 'लवकर हालचाल' याचा अर्थ मानवी रुग्णात असा की, सांधा हलवावा, पण चिकित्सक सांगेपर्यंत पायावर भार टाकू नये. हे तत्त्व सांगणाऱ्याला आपले म्हणणे समजणारा रुग्ण गृहीत धरता येत होता. पशूला ही अट सांगता येत नाही. श्वान निदान तीन पायांवर चालू शकतो. अश्वाची गोष्ट निराळी. ४५० ते ५०० किलोग्रॅम वजनाचा हा प्राणी भूल उतरताच उठण्याची धडपड करतो, आणि भयभीत झाला की पळण्यापलीकडे त्याला दुसरा मार्ग माहीत नसतो. ६ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्क येथील शर्यतीत रफियन या घोडीच्या पुढच्या उजव्या पायाची तिळास्थी मोडली. ही काही प्लेटची कथा नव्हे. पण शस्त्रक्रिया पार पडल्यानंतर भुलीतून जागी होताना तिने पाय असे झाडले की प्लास्टर फुटले, पाय पुन्हा विदीर्ण झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिला मरण द्यावे लागले. शस्त्रक्रिया फसली नव्हती; जागे होणे फसले होते.

तीस वर्षांनंतर या अनुभवाचा धडा गिरवलेला दिसतो. २० मे २००६ रोजी बार्बरो या अश्वाचा मागचा उजवा पाय शर्यतीत अनेक ठिकाणी मोडला. दुसऱ्या दिवशी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन केंद्रात डीन रिचर्डसन यांनी एक लॉकिंग प्लेट व २७ स्क्रू यांनी तो जोडला. अश्वाला तराफ्यावर घालून पाण्याच्या तलावात जागे केले गेले, म्हणजे पाय झाडले तरी आपटण्यासारखे काही नव्हते. हाड सांधण्याच्या मार्गाला लागले. परंतु जुलै महिन्यात निरोगी, भार वाहणाऱ्या डाव्या मागच्या पायात लॅमिनायटिस, म्हणजे खुरातील पटलांचा दाह, उद्भवला आणि २९ जानेवारी २००७ रोजी बार्बरोला दयामरण द्यावे लागले. या आठ महिन्यांतील क्ष-किरण चित्रे केवळ मोडलेल्या पायाचीच पाहिली, तर अंतःस्थिरीकरणाचा तो विजय ठरेल. मोडलेले हाड हा रुग्ण नव्हे. चार पायांवर उभा राहणारा आणि तिसऱ्या पायावरचा भार फार काळ सोसू न शकणारा प्राणी हा रुग्ण होय. अश्वाच्या बाबतीत स्थिरीकरणाचा भक्कमपणा हाडासाठी जितका हवा, त्याहून अधिक तो उरलेल्या तीन खुरांसाठी हवा, ही गोष्ट १९६३ च्या चार तत्त्वांत कोठेच नाही, आणि असावी अशी अपेक्षाही करता येत नाही. पशुवैद्यकाने ती स्वतःच्या बुद्धीने मिळवावयाची होती.

गोवंशाकडे वळताच चित्र पुन्हा बदलते. गाय-बैल भुलीतून बहुधा शांतपणे उठतात, आडवे पडून राहण्याची त्यांना सवय असते आणि प्लास्टर ते सोसतात. अडलेल्या प्रसूतीत वासरू जोराने ओढले असता त्याच्या पुढच्या पायाची खालची नळी मोडते. ती बहुतेक वेळा केवळ प्लास्टरने उत्तम सांधते. वरच्या हाडांसाठी थॉमसची चौकट व प्लास्टर यांचा संयोग केला जातो. म्हणून पाश्चात्त्य पाठ्यग्रंथांत प्लेट ही मोलाच्या जनावरापुरती राखीव दिसते, आणि बाकीच्यांसाठी कत्तलीने मूल्य वसूल करण्याचा पर्याय हिशेबात गृहीत धरलेला असतो. हा हिशेब महाराष्ट्रात जसाच्या तसा मांडता येत नाही. राज्याच्या १९७६ च्या पशुसंरक्षण अधिनियमातील दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाल्यापासून बैल व वळू यांचाही वध निषिद्ध आहे. पाय मोडलेला बैल येथे मालकाच्या दारातच राहतो. त्याला पुन्हा नांगराला जुंपता येईल काय, की तो केवळ उभा राहील, की तेही नाही, या प्रश्नांवर प्लेटचा खर्च, प्लास्टरचा वेळ आणि चाऱ्याचे दिवस मोजावे लागतील. मोठ्या जनावरांच्या संधानाविषयीचे अनेक वृत्तांत एखाद्या यशस्वी रुग्णाचे क्ष-किरण चित्र छापून थांबतात. सहा महिन्यांनी ते जनावर कसे चालते, जुंपले गेले काय, त्याचे बाकीचे खूर कसे आहेत, याविषयी ते मौन पाळतात. ही माहिती मिळाल्यास प्लेटचे यश व अपयश दोन्हीही क्ष-किरण चित्रावरून बांधलेल्या अंदाजाहून निराळे निघू शकतात.