ज्ञानकोशांतील पेले

ज्ञानकोश हा ग्रंथ विश्वासानें उघडावयाचा असतो. कादंबरी वाचतांना आपण लेखकाशीं मनांतल्या मनांत भांडतों. निबंध वाचतांना मान डोलावतों किंवा भुंवया चढवितों. ज्ञानकोशांत मात्र आपण सन, स्थळ किंवा आंकडा पाहतों आणि पान मिटतों. म्हणूनच त्यांतील एक चूक इतर ग्रंथांतील दहा चुकांहून अधिक घातक ठरते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत वाचकांच्या हातीं दिले. त्या उद्योगाचें मंडळ आमच्या नागपुरांत स्थापन झालें होतें, याचा आम्हां वैदर्भीयांस अभिमान आहे. त्या खंडांत कोठें दोष आढळला, तर जाब कोणास विचारावयाचा हा प्रश्न वाचकास पडत नसे. मुखपृष्ठावर संपादकाचें नांव छापलेलें होतें.

१ मे २००३ रोजीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची गोष्ट याहून निराळी आहे. संगणकाच्या जाळ्यावर वसलेल्या या कोशास एक संपादक नाहीं. वाचक हाच संपादक. त्यानें नोंद उघडावी आणि मजकूर बदलावा. प्रत्येक बदल ‘इतिहास’ या सदरांत तारीखवार नोंदला जातो. जुनें वाक्य नाहींसें होत नाहीं, हवें तेव्हां परत आणतां येतें. मतभेद झाल्यास ‘चर्चा’ या पानावर वाद घालावयाचा असतो. केतकरांच्या नांवाची जागा येथें पुराव्यानें घेतली आहे. विधान कोणीं केलें यापेक्षां विधानास आधार कोणता, हें येथें विचारलें जातें. ही योजना कितपत भक्कम आहे हें पारखावयाचें असेल, तर अवघड शास्त्रीय विषयाची नोंद उपयोगाची नाहीं, कारण तेथें फारसे कोणी हात घालीत नाहींत. ज्याच्याविषयीं प्रत्येकास कांहीं तरी ठाऊक असल्यासारखें वाटतें, अशा पुरुषाची नोंद घ्यावी. ब्राझिलचा फुटबॉलपटु पेले हा तसा पुरुष आहे.

त्याच्या नोंदींतील अडचण जन्मापासूनच सुरू होते. जन्माच्या दाखल्यांत २१ ऑक्टोबर १९४० ही तारीख आहे. पेले स्वतः २३ तारीख सांगत आला. दाखल्यांत नांव ‘एडिसन’ असें आहे, कारण आईबापांनीं तें विजेच्या दिव्याच्या सुप्रसिद्ध संशोधकावरून ठेविलें. तो स्वतः ‘एडसन’ म्हणवीत असे. आतां संपादकानें काय करावें? दाखला खरा मानून माणसास खोटें पाडावें, कीं माणसाचें ऐकून दाखला दडवावा? आमच्या मतें दोन्हीं मार्ग चुकीचे. दोन्ही तारखा देऊन प्रत्येकीचा आधार सांगणें, एवढेंच ज्ञानकोशाचें काम आहे.

गोलांचा प्रश्न याहून बिकट. जगभर फिरलेला आंकडा १३६३ सामन्यांत १२७९ गोल असा आहे. १९ नोव्हेंबर १९६९ रोजीं रिओच्या माराकाना मैदानावर पेलेचा ‘हजारावा’ गोल साजरा झाला तो असल्याच मोजणीनें, म्हणजे मैत्रीचे सामनेही धरून. केवळ अधिकृत सामने धरणारे अभ्यासक हाच आंकडा साडेसातशेंच्या घरांत आणून ठेवितात. डिसेंबर २०२० मध्यें मेस्सीनें एकाच क्लबाकडून सर्वाधिक गोल करण्याचा विक्रम मोडला, तेव्हां पेलेच्या सांतोस क्लबानें हरकत घेतली: ६४३ गोल हे अधिकृत सामन्यांतले, मैत्रीच्या सामन्यांतले ४४८ निराळे, मिळून १०९१. या हरकतींत अर्थ नाहीं असें नाहीं. सांतोसचा संघ पेलेच्या नांवावर देशोदेशीं दौरे करून पैसा मिळवीत असे, आणि त्या दौऱ्यांत समोर युरोपांतील नामांकित संघही उभे राहत. परंतु अर्थ असणें निराळें आणि मोजणी एक असणें निराळें. जो संपादक यांतला एक आंकडा ठेवून बाकीचे पुसून टाकतो, तो कोशकार नव्हे. तो पक्षकार होय. आंकड्याशेजारीं मोजणीची पद्धत लिहिली कीं भांडण संपतें. ती लिहिली नाहीं, तर भक्तांचे दोन तांडे एकमेकांचा मजकूर रात्रंदिवस खोडीत बसतात.

येथवर प्रस्तुत लेखकानें न्यायाधीशाचा आव आणला आहे. आतां त्यास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहणें भाग आहे.

आमचें गोंदिया मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे. माझे मामा रेल्वेंत नोकरीस होते. २४ सप्टेंबर १९७७ रोजीं कलकत्त्याच्या ईडन गार्डनवर न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाचा मोहन बागानशीं सामना झाला. त्या संघांत पेले होता. मामा तो सामना पाहून आले, आणि पुढें हयातभर प्रत्येक दिवाळीस आम्हां मुलांस त्याची हकीकत सांगत राहिले: पावसानें भिजलेलें मैदान, लोटलेला जनसमुदाय, आणि पेलेनें डोळ्यांदेखत मारलेला गोल. २९ डिसेंबर २०२२ रोजीं पेले निवर्तला. त्यानंतर कांहीं दिवसांनीं, मामांची आठवण म्हणा कीं त्यांचें ऋण म्हणा, मीं मराठी नोंद उघडली आणि पेलेनें कलकत्त्यास गोल केल्याचें एक वाक्य तींत घातलें. दुसऱ्या दिवशीं तें वाक्य तेथें नव्हतें. कोणा अनोळखी संपादकानें तें काढून ‘संदर्भ द्यावा’ एवढेच दोन शब्द मागें ठेविले होते.

मला राग आला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. महाविद्यालयांत शिकणारी माझी मुलगी शेजारीं बसली होती. ती म्हणाली, “बाबा, मामाआजोबांनीं गोल पाहिला म्हणजे तो झालाच पाहिजे कां?” आम्हीं दोघांनीं त्या सामन्याचे वृत्तांत शोधले. सामना २-२ असा बरोबरींत सुटला होता. मोहन बागानकडून श्याम थापा आणि महंमद हबीब यांनीं गोल केले होते. कॉसमॉसच्या दोन गोलांत पेलेचा एकही नव्हता.

मामा खोटें बोलत नव्हते. पंचवीस-तीस दिवाळ्यांत त्यांच्या मनानें हळूहळू तो गोल मारला, आणि आम्हीं भाच्यांनीं तो मोठ्या प्रेमानें झेलला. भक्ति इतिहासांत कशी शिरते याचें याहून बोलकें उदाहरण मला देतां येणार नाहीं. ज्या अनोळखी माणसावर मीं रागावलों, त्यानें आमच्या घरचा अपमान केला नव्हता. हजारों वाचकांस आमच्या घरच्या प्रेमापासून वांचविलें होतें.

तथापि या पुराव्याच्या नियमासही एक उणीव आहे, आणि ती सांगितल्यावांचून हें परीक्षण पुरें होणार नाहीं. ज्याच्याविषयीं जगानें पुष्कळ छापलें, त्याची नोंद पुष्ट होते. ज्याच्याविषयीं थोडें छापलें, त्याची कृश राहते. गोव्यांत १९३२ सालीं जन्मलेला आणि मुंबईच्या मैदानांवर गाजलेला नेव्हिल डिसूझा याचेंच पाहा. १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्यें त्यानें ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारतानें तो सामना ४-२ असा जिंकला. ऑलिंपिकच्या फुटबॉलांत असें करणारा तो पहिला आशियाई खेळाडू म्हणून ओळखला जातो. उपांत्य सामन्यांत युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताचा एकुलता एक गोलही त्याचाच. त्या स्पर्धेंत भारत चौथा आला. पेलेच्या दोन तारखांवर वाद घालण्यास जगांत शेंकडों लोक आहेत. नेव्हिलसाठीं मराठींत तसे हात किती पुढें येतील? हा दोष नियमाचा नव्हे, आमचा आहे. आम्ही आठवणी घरांत सांभाळतों, कागदावर उतरवीत नाहीं. आणि तीस वर्षांनीं त्या उतरविल्या तर त्यांचा पुरावा राहिलेला नसतो, पुराण झालेलें असतें. मामांनीं कलकत्त्याहून परततांच आपली हकीकत एखाद्या स्थानिक साप्ताहिकास लिहून दिली असती, तर ती आज संदर्भ म्हणून उभी राहिली असती. आणि त्या आठवड्यांत त्यांनीं पेलेच्या नांवावर गोलही लिहिला नसता.

हें केवळ फुटबॉलापुरतें नाहीं. तेव्हांच्या भंडारा आणि आतांच्या गोंदिया जिल्ह्यांतील आमगांवजवळचें पदमपूर हेंच भवभूतीचें पद्मपूर, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादन केलें. ‘भवभूति आमचा’ असें लिहावयास आम्हां गोंदियाकरांचे हात शिवशिवतात. पण ‘मिराशी यांच्या मतें’ हे तीन शब्द गाळले, तर त्या वाक्यांत आणि मामांच्या गोलांत फरक तो काय उरला?

पेलेच्या नोंदींत माझ्या मुलीनें मग एक वाक्य घातलें: सामन्याची तारीख, स्थळ आणि २-२ ही बरोबरी, शेवटीं संदर्भ. तें कोणीं काढलें नाहीं. मामांचा गोल मीं माझ्या वहींत लिहून ठेविला आहे, आणि त्याखालीं कंसांत लिहिलें आहे: मामांच्या सांगण्याप्रमाणें.