‘संमती’ आणि ‘शरणागती’ : एका अनावृत पत्राचे अर्थदृष्ट्या परीक्षण

स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्ध आपल्याकडे जी संघटित चळवळ उभी राहिली, तिचा इतिहास सामान्यतः मोर्चे, मागण्या आणि कायद्यातील दुरुस्त्या या क्रमाने सांगितला जातो. या चळवळीच्या मुळाशी शब्दार्थाचा एक वाद होता, ही गोष्ट मात्र भाषाभ्यासकांकडूनही दुर्लक्षित राहिली आहे. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधिज्ञांनी सप्टेंबर १९७९ मध्ये भारताच्या सरन्यायाधीशांना उद्देशून इंग्रजीत लिहिलेले अनावृत पत्र हा त्या वादातील प्रमुख लेख होय. प्रस्तुत टिपणात त्याचे परीक्षण अर्थविचाराच्या अंगाने करावयाचे आहे.

पत्राची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. मार्च १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना मुक्त केले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना दोषी ठरविले. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, यावरून तिने प्रतिकार केला नाही व म्हणून तिची संमती होती, असे अनुमान या अंतिम निकालात काढलेले दिसते.

पत्रकर्त्यांनी नेमके याच अनुमानावर बोट ठेवले. संमतीत एक प्रकारची शरणागती असू शकेल. परंतु प्रत्येक शरणागती ही संमती नव्हे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होय. हा भेद उच्च न्यायालयाने ओळखला होता. पत्राने त्याला सामाजिक संदर्भ दिला. रात्रीची वेळ, पोलीस ठाण्याची बंद वास्तू, एका बाजूस सत्ताधारी गणवेश आणि दुसऱ्या बाजूस दरिद्री, अशिक्षित मुलगी, अशा स्थितीत मौनाचा अर्थ होकार असा लावता येत नाही. उक्तीचा अर्थ प्रसंगावाचून ठरत नाही, हे अर्थशास्त्राच्या नव्हे, अर्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास नवे नाही. न्यायालयास ते सांगावे लागले, यात पत्राचे सामर्थ्य आहे.

तथापि पत्राची एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. ते इंग्रजीत असल्यामुळे मराठी शब्दांतील अडचण त्याच्या कक्षेबाहेर राहिली. ‘बलात्कार’ हा शब्द ‘बलात्’ या पंचम्यन्त पदापासून सिद्ध झालेला आहे. म्हणजे त्याच्या व्युत्पत्तीतच बळाला प्राधान्य आहे, इच्छेला नाही. तत्कालीन दंडसंहितेच्या ३७५ व्या कलमात मात्र ‘इच्छेविरुद्ध’ आणि ‘संमतीवाचून’ अशी स्वतंत्र कलमांशे होती. मराठी श्रोता हा शब्द ऐकताच बळाची खूण शोधू लागतो; निकालानेही तेच केले. ‘अब्रू लुटणे’ या वाक्प्रचारात तर अपराध्याची कृती बाजूस राहून हानी स्त्रीच्या प्रतिष्ठेची होते. ‘तिच्यावर बलात्कार झाला’ या वाक्यरचनेत कर्ता अध्याहृतसुद्धा राहत नाही, तो लोपच पावतो.

या दृष्टीने चळवळीने स्वीकारलेली नावे उद्बोधक आहेत. मुंबईत १९८० मध्ये स्थापन झालेल्या ‘फोरम अगेन्स्ट रेप’ या संघटनेने पुढे आपल्या इंग्रजी नावातील ‘रेप’ या शब्दाच्या जागी स्त्रियांवरील जुलूम अशा व्यापक अर्थाचा शब्द घेतला. नागपुरातील परिषदेने ‘स्त्री अत्याचार विरोधी’ हे विशेषण धारण केले. ‘अति’ आणि ‘आचार’ यांपासून झालेला ‘अत्याचार’ हा शब्द लक्ष स्त्रीच्या देहावरील खुणांकडे नेत नाही. तो करणाऱ्याच्या मर्यादाभंगाकडे नेतो. निवड हेतुपुरस्सर असो वा नसो, तिचा परिणाम हितकर आहे.

८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत स्त्रियांनी या खटल्याच्या फेरविचारासाठी निदर्शने केली. निकाल बदलला नाही, कायदा बदलला. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील अत्याचारांच्या खटल्यात, संभोग सिद्ध झाल्यावर, संमती नव्हती असे स्त्रीने साक्षीत सांगितल्यास न्यायालयाने ते गृहीत धरावे, असे ठरले. पुढे २०१३ मध्ये, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे कलमातच स्पष्ट झाले. देसाईगंजच्या घटनेनंतर यास ४१ वर्षे लागली. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हे तत्त्व कायम आहे.

कायद्याने स्वीकारलेला हा भेद आपल्या भाषाव्यवहारात अद्याप पुरता रुजलेला नाही. ठाण्यात जबाब मराठीत लिहिला जातो, वृत्तपत्रात बातमी मराठीत येते. आणि दोन्हीकडे ‘झाला’ हे क्रियापद कर्त्याला अनायासे आडोसा देते. ‘झाला’ आणि ‘केला’ यांतील निवड ही केवळ शैलीची बाब नव्हे. जबाबांची व निकालपत्रांची भाषा या दृष्टीने तपासणे, हे आपल्या विभागातील संशोधकांनी अंगावर घ्यावे असे कार्य आहे. पत्रकर्त्यांनी जो भेद न्यायालयापुढे मांडला, तो मराठीत सिद्ध करण्याची जबाबदारी मराठीच्या अभ्यासकांवरच येते.