परदेशी पदवी, देशी वसतिगृह : दोन मराठी कादंबऱ्यांच्या आधारे एक विचार

प्रस्तावना :
परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा-संकुले उघडता यावीत यासाठीचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जारी केले. जून २०२५ मध्ये ॲबर्डीन, यॉर्क आदी पाच विद्यापीठांना मुंबई परिसरासाठी इरादापत्रे देण्यात आली. अशा संकुलातील विद्यार्थ्याचा अनुभव समजून घेण्यास मराठी कादंबरी कितपत साहाय्यभूत ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
परदेशी शिक्षण म्हटले की श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' (१९६८) ही कादंबरी प्रथम आठवते. आनंदीबाई १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. समुद्रप्रवास, थंडी, आहार आणि पोशाख यांच्याशी झालेला झगडा हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता. शाखा-संकुल पदवी देते. प्रवास मात्र वगळते. त्यामुळे हा आदर्श येथे अपुरा पडतो.

त्या तुलनेत भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) अधिक जवळची वाटते. खानदेशातील सांगवीचा पांडुरंग सांगवीकर शिकण्यासाठी पुण्यास येतो. देशाची सीमा तो ओलांडत नाही, भाषाही मराठीच असते. तरीही तो उपराच राहतो. वसतिगृह, खाणावळ आणि वडिलांचा पैसा यांतून त्याचे परकेपण घडत जाते. परकेपणा मैलांवर मोजता येत नाही, हे 'कोसला' दाखवून देते. मात्र पांडुरंग सधन घरचा आहे. पैसा उधळण्याची मुभा त्याला आहे. गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही या कादंबरीची मर्यादा होय.

इस्लामपूर (ईश्वरपूर) परिसरातील शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी उद्या नवी मुंबईतील संकुलात गेली, तर पांडुरंगाचे परकेपण तिच्या वाट्याला येईल. त्याची मुभा येणार नाही. नियमांनी भारतातील शिक्षणाचा दर्जा मूळ विद्यापीठासारखाच असावा अशी अट घातली आहे. परंतु प्रवेश व शुल्क ठरविण्याचा अधिकार संस्थेकडे असून शिष्यवृत्ती ऐच्छिक आहे.

निष्कर्ष :
पदवीची समानता म्हणजे अनुभवाची समानता नव्हे. 'कमवा आणि शिका' हा मंत्र कर्मवीर भाऊराव पाटील यांनी याच सातारा-सांगली भूमीत रुजविला. तेथे वसतिगृह हेच शिक्षणाचे केंद्र होते. नव्या संकुलांचे मूल्यमापनही त्यांच्या नामांकनावरून न करता, तेथे कोणास राहता येते यावरून व्हावे.