‘मूक’ जनुक : एका संज्ञेची चिकित्सा

गुणसूत्राच्या घट्ट गुंडाळलेल्या भागाशेजारी आलेले जनुक ‘मूक’ होते, असे विधान जीवशास्त्रीय लेखनात रूढ झाले आहे. विधान सोयीचे आहे. परंतु त्यातील ‘घट्ट’ व ‘मूक’ हे दोन्ही शब्द पारखून घेणे अवश्य आहे.

पेशीविभाजन संपल्यावरही गडद रंगलेले राहणारे गुणसूत्रभाग पाहून एमिल हाइट्झ यांनी १९२८ मध्ये त्यांस ‘हेटरोक्रोमॅटिन’ हे नाव दिले. या नावात रूपाची नोंद होती, कार्याची नव्हती. १९३० मध्ये हर्मन म्युलर यांनी क्ष-किरणांचा मारा करून मिळविलेल्या काही फळमाश्यांचे डोळे लाल-पांढरे, चट्टेरी निघाले. डोळ्यास लाल रंग देणारे जनुक शाबूत होते. गुणसूत्राचा तुकडा उलटा जोडला गेल्यामुळे ते हेटरोक्रोमॅटिनच्या शेजारी आले होते, इतकेच. पुढे नव्या फेरबदलाने ते तेथून दूर गेले, तेव्हा डोळे पुन्हा लाल झाले. बदलले होते ते जनुक नव्हे, त्याचे स्थान.

हा प्रभाव पसरतो कसा? हिस्टोन प्रथिनातील नवव्या स्थानावरील लायसिनवर मिथाइलची खूण करणारे एन्झाइम २००० मध्ये ओळखले गेले. ही खूण एचपी-१ हे प्रथिन धरते, हे २००१ मध्ये दिसून आले. हे प्रथिन त्या एन्झाइमास पुन्हा शेजारी आणते आणि खूण पुढे सरकते. तेव्हा घट्टपणा हे मूळ कारण नसून या साखळीचा तो एक परिणाम ठरतो.

येथे संस्कृतातील णत्वविधीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ‘रामेण’ या रूपात रेफाचा प्रभाव मधले वर्ण ओलांडून नकारापर्यंत पोचतो. ‘रसेन’ या रूपात मात्र सकार आड येतो. गुणसूत्रावरही असे अडसर असतात. तथापि हे साम्य फार ताणता येत नाही. व्याकरणाचा नियम प्रत्येक वेळी तेच रूप देतो; माशीच्या डोळ्यात मात्र एका पेशीत प्रभाव जनुकापर्यंत पोचतो, दुसरीत पोचत नाही. चट्टे उमटतात ते यामुळेच.

‘मूक’ हा शब्द तर अधिकच फसवा आहे. फळमाशीतील ‘लाइट’ नावाचे जनुक हेटरोक्रोमॅटिनमध्येच वसते. त्यास तेथून उचलून दूर नेले, तर त्याचेच कार्य बिघडते. विखंडन यीस्टमध्ये तर हेटरोक्रोमॅटिन उभे राहण्यासाठी त्याच भागातून आरएनए तयार व्हावे लागते, हे २००२ मध्ये दाखविले गेले. म्हणजे ज्यास मौन म्हणावे, त्याच्या मुळाशीही थोडे उच्चारण आहेच.

‘मूक’ हे विशेषण जनुकाचा स्वभाव सांगते. प्रयोग मात्र संबंधाविषयी बोलतात. शब्द वापरात राहील, त्यास हरकत नाही. परंतु विद्यार्थ्याने त्यास स्पष्टीकरण समजू नये. ज्याचे स्पष्टीकरण हवे आहे, त्या घटनेचे ते केवळ नाव आहे.