श्याम, लंपन आणि नऊ-दहा वर्षांचं मूल

सहा ते बारा हे वय पालकांना सोपं वाटतं. मूल जेवतं, शाळेत जातं, मार्क आणतं; झालं की! एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने मात्र 'मला जमतं' आणि 'मी कमी आहे' यांची ओढाताण याच वयात पाहिली. मराठीतली दोन पुस्तकं या ओढाताणीबद्दल काय सांगतात, ते आज आपण पाहू.

पहिलं 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. इथे प्रत्येक रात्रीच्या गोष्टीतून काही बोध मिळतो. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई शिमटीने मारते. पण लेकाला भित्रा म्हटलेलं तिला सहन होत नाही म्हणून. नंतर तिलाच गहिवरून येतं. आमचा आक्षेप पुस्तकावर नाही, वाचण्याच्या पद्धतीवर आहे. संस्कारवर्गांनी बोध घेतला आणि गहिवर वगळला. मग उरतो तो नुसता धाक.

दुसरं पुस्तक प्रकाश नारायण संतांचं 'वनवास', १९९४ चं. लंपन आईवडिलांपासून दूर, सीमाभागात आजी-आजोबांकडे वाढतो. त्याला घराची आठवण येते, सुमीबद्दल काय वाटतं ते नीट सांगता येत नाही. त्याची भाषा बघा: जे कळत नाही ते 'मॅड'! मोठी माणसं त्याला 'तुला नक्की काय होतंय?' म्हणून खोदून विचारत नाहीत. जेवायला हाक मारतात, रागावतात, जवळ असतात. तो एकटा आहे, पण एकाकी नाही. संतांचं मोठेपण हे की भावनेला नाव देण्याची घाई ते करत नाहीत.

आता कुणी म्हणेल, लंपनला वाडा होता, मोकळा वेळ होता. खरं आहे. बदलापूर-अंबरनाथचे आईबाप पहाटेची लोकल पकडतात, दिवेलागणीनंतर परततात. उल्हासनगरात कितीतरी घरं दुकानाच्या पाठीमागच्या खोलीत. मूल शाळेतून ट्यूशनला, तिथून मोबाइलकडे. शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला, चांगलंच केलं. पण आनंदाचाही तास घेऊन वहीत नोंद मागितली, तर तो गृहपाठच होतो, नाही का?

वाडा आपण देऊ शकत नाही. पण घरातल्या आजीने भाजी निवडताना नातवाला शेजारी बसवावं, आणि 'आज काय शिकलास?' हा प्रश्न त्या दिवशी राहू द्यावा. मूल गप्प बसलं, बसू द्यावं. बोललं, तर मध्येच बोध काढू नये. आई-बाबांनाही रविवारी एवढं जमेल.

आमच्या मते श्याम आणि लंपन एकमेकांचे विरोधक नाहीत. आईचा गहिवर आणि आजीचं गप्प राहणं, दोन्ही मुलाला हेच सांगतात की तू चुकलास तरी आमचाच आहेस. ही खात्री असेल, तर 'मी कमी आहे' म्हणणारं मूल उद्या पुन्हा पाण्यात उतरेल. दोन्ही पुस्तकं घरात मोठ्याने वाचा, आणि तात्पर्य विचारू नका.