हरवलेल्या जगातील माणूस

आर्थर कॉनन डॉईल यांची ‘द लॉस्ट वर्ल्ड’ ही कादंबरी १९१२ साली प्रसिद्ध झाली. प्राध्यापक चॅलेंजर तीन सोबत्यांसह दक्षिण अमेरिकेतील एका दुर्गम पठारावर पोहोचतात आणि तेथे त्यांना डायनासोर जिवंत आढळतात, ही कल्पना आजही वाचकाला खिळवून ठेवते. तथापि आमच्या मते या कलाकृतीचा खरा कस वानरमानवांच्या प्रकरणात लागतो. पठारावरील आदिवासींच्या बाजूने हे पाहुणे बंदुका घेऊन लढतात. वानरमानवांतील नर मारले जातात, माद्या व पिल्ले दास्यात ढकलली जातात. वानरमानव क्रूर आहेत, कैद्यांना ते कड्यावरून फेकून देतात, हे खरे. पण पिल्लांचा अपराध कोणता? चॅलेंजर या संहाराला मानवाचा विजय मानतात. निवेदक मलोन क्षणभर अस्वस्थ होतो. परंतु कथानक तेथे रेंगाळत नाही. पुढे लंडनच्या सभागृहातून उडून जाणारा टेरोडॅक्टिल वाचकाला थक्क करतो आणि पठारावरचे रक्त विस्मरणात जाते.

साहसकथेने मौज द्यावी, यात वावगे काहीच नाही. मात्र ‘माणूस’ कोणाला म्हणावे हे बंदूकधाऱ्याने ठरवावे, हे आम्हांस मान्य नाही. हे पुस्तक मुलांच्या हाती जरूर द्यावे. त्या प्रकरणापाशी मात्र त्यांच्यासोबत थोडे थांबावे.